खुणेची साखर: एफडीजी, सी-१३ आणि ड्युटेरियम ग्लुकोज, कोणतं कशाला घ्यावं

पेट स्कॅनला शिरेतून देतात ते एफडीजी (फ्लोरोडिऑक्सिग्लुकोज), पेशी वाढवायच्या ताटलीत ओततात ते सी-१३ (जड कार्बनचं) ग्लुकोज आणि यकृत दर मिनिटाला किती साखर सोडतं हे मोजायला देतात ते ड्युटेरियम (जड हायड्रोजनचं) ग्लुकोज. या तिघांनाही सरसकट ‘लेबल केलेलं ग्लुकोज’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मागवणारा शुद्धतेचे टक्के बघतो, स्कॅनला जाणारा ‘साखरेचं इंजेक्शन’ ऐकून मधुमेहाची काळजी करतो. खरं तर विचारायचं एवढंच: खूण कोणत्या अणूवर आहे, आणि शरीरात ती कुठपर्यंत टिकते?

आधी एफडीजी, कारण सामान्य माणसाची गाठ फक्त याच्याशीच पडते.

ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल काढून तिथे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ बसवला की एफडीजी होतं. पेशीच्या दारातले ग्लुट वाहक त्याला साखर समजून आत घेतात, हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट चिकटवतं, आणि गाडी तिथेच अडते. पुढच्या पायरीला दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन लागतो आणि तो तर आपण काढलेला. त्यामुळे पेशीत साठत जातं ते एफडीजी-६-फॉस्फेट. स्कॅनरला दिसतो तो हा साठा. म्हणजे एफडीजी साखरेच्या प्रवासाच्या पहिल्या दोन पायऱ्याच सांगतं. पुढे त्या साखरेचं लॅक्टेट झालं, चरबी झाली की ती मायटोकॉन्ड्रियात जळली, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. ‘चयापचयाचा फोटो’ म्हणून ते विकलं जातं, ते जरा जास्तच कौतुक आहे.

पहिल्यांदा ते बनलं अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, इडो, वुल्फ आणि फाउलर यांच्या हातून, आणि ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं. त्या पद्धतीत उत्पादन तुटपुंजं होतं. आज सगळीकडे चालते ती १९८६ साली जर्मनीतल्या युलिश इथे हामाखर आणि सहकाऱ्यांनी दिलेली रीत. ऑक्सिजन-१८ ने समृद्ध केलेल्या पाण्यावर सायक्लोट्रॉनमधून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) प्रोटॉन मारायचे, तयार झालेलं फ्लोराइड आयन-विनिमयाच्या काडतुसात अडकवायचं, पोटॅशियम कार्बोनेट आणि पोटॅशियमला धरून ठेवणाऱ्या क्रिप्टोफिक्स २२२ ने सोडवायचं, ॲसिटोनायट्राइल घालून पाणी पूर्ण उडवायचं आणि मग मॅनोज ट्रायफ्लेटवर सोडायचं. मॅनोज म्हणजे दुसऱ्या कार्बनची दिशा उलटी असलेली ग्लुकोजची बहीण, आणि ट्रायफ्लेट हा फ्लोराइडला सहज जागा करून देणारा गट. ग्लुकोज हवं असताना सुरुवात मॅनोजपासून का? फ्लोराइड मागच्या बाजूने घुसतं आणि दुसऱ्या कार्बनची दिशा उलटी होते, म्हणून. शेवटी आम्ल किंवा अल्कलीने संरक्षणाला लावलेले ॲसिटिल गट काढले, काडतुसांतून गाळलं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून कुपीत उतरवलं की झालं. शिशाने मढवलेल्या पेटीच्या आत हे सगळं अर्ध्या तासाच्या आसपास उरकतं.

बॅच बिघडते ती बहुतेक वेळा वाळवणीत. पाण्याचा अंश राहिला की फ्लोराइड पाण्याच्या रेणूंनी वेढलेलं राहतं, ट्रायफ्लेटकडे जातच नाही आणि उत्पादन धाडकन खाली येतं. वाळवण फार ताणली तर फ्लोराइड भांड्याच्या काचेलाच चिकटतं. दुसरा दोष रेडिओलिसिसचा. कमी पाण्यात फार मोठी ॲक्टिव्हिटी, म्हणजे किरणोत्सर्गाची मात्रा, भरली की किरणोत्सर्गानेच एफडीजी तुटतं आणि सुटं फ्लोराइड वाढतं. म्हणून चिमूटभर इथेनॉल घालतात. ते विसरलं, तर सकाळी ठीक असलेली कुपी दुपारी खराब निघू शकते. स्कॅनमध्ये सगळा सांगाडा एकसारखा उजळलेला दिसला तर आधी रोग्यावर शंका घेऊ नका. कुपीतल्या सुट्या फ्लोराइडची क्रोमॅटोग्राफी पट्टी पुन्हा लावा, कारण फ्लोराइड हाडात जातं. मात्र पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या ग्रोथ फॅक्टरची इंजेक्शनं झालेल्या रुग्णात मज्जा उजळते, तो प्रकार वेगळा.

क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) कागदावर हे बघा: पीएच साडेचार ते साडेसात, रेडिओकेमिकल शुद्धता (एकूण किरणोत्सर्गातला खऱ्या एफडीजीचा वाटा) अमेरिकी फार्माकोपियाप्रमाणे (औषधांच्या मानकग्रंथाप्रमाणे) ९० टक्क्यांहून कमी नाही आणि युरोपीय मानकाप्रमाणे ९५, क्रिप्टोफिक्स मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या आत, उरलेलं ॲसिटोनायट्राइल ०.०४ टक्क्यांच्या आत, मोजलेलं अर्धायुष्य १०५ ते ११५ मिनिटांत. निर्जंतुकतेची चाचणी मात्र कुपी सुटल्यानंतर सुरू होते, कारण तिला १४ दिवस लागतात आणि एफडीजी तर संध्याकाळपर्यंत संपतं. म्हणून फिल्टरच्या अखंडतेची बबल पॉइंट चाचणी बॅच सोडण्याआधीच झालेली हवी. ती नोंद कागदावर नसेल तर फोन करून विचारायला लाजू नका.

आता अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ. ११० मिनिटं हे एफडीजीचं बलस्थान आणि तीच त्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी. पहाटे ५ वाजता मोजलेली कुपी आहे असं धरा. सकाळी साडेआठला पहिल्या रुग्णाला १० मिलिक्युरी (हे किरणोत्सर्गाचं माप) द्यायची, तर त्याच्या वाट्याचे पाचला सुमारे ३७.६ मिलिक्युरी हवेत. दुपारी १२ च्या रुग्णासाठी तेच १० मिलिक्युरी हवे असतील, तर पहाटेच्या कुपीतले १४१! म्हणजे शेवटचा रुग्ण पहिल्यापेक्षा जवळजवळ चौपट माल खातो. गाडी घाटात अर्धा तास अडकली की १७ टक्के ॲक्टिव्हिटी गेली. ती कुणी चोरली नाही, ती वितळली. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला, तेव्हा तो रुग्णालयांच्या कुशीत होता. आज पुरवठा गाड्यांवर चालतो, आणि सायक्लोट्रॉनपासून चार तासांवरच्या सेंटरला निघालेल्या मालाच्या जेमतेम २२ टक्के पोहोचतो. म्हणून लांबच्या सेंटरवर सकाळच्या पहिल्या चारांत नंबर मागा. तिथे दुपारी शेवटी आलेल्याला कधी कधी कमी डोसवर जास्त वेळ झोपवून काम भागवतात.

आता रुग्णाच्या घरच्यांसाठी थोडं सविस्तर, कारण स्कॅन फसतो तो मशीनमुळे क्वचित आणि तयारीमुळे वारंवार.

१० मिलिक्युरीत फ्लोरिन-१८ चे अणू इतके थोडे असतात की तेवढ्या अणूंना बसणारं एफडीजी वजनाने नॅनोग्रॅमच्या घरात येतं. त्याने रक्तातली साखर वाढत नाही. उलट रक्तातली साखर एफडीजीचं काम बिघडवते: दोघीही त्याच दारातून आत जाऊ पाहतात, आणि लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने रक्तात आधीच पाच ग्रॅम साखर रांगेत उभी असते. म्हणून चार ते सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. साखरेचा आकडा २०० मिलिग्रॅमच्या आत हवा, १५० च्या आत असला तर उत्तम. भरती रुग्णांत होणारी हमखास चूक म्हणजे ‘सकाळपासून काही खाल्लं नाही’ असं सांगतात आणि हाताला डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजचीच, बाटली लावलेली असते. ५ टक्क्यांच्या ५०० मिलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. रक्तात फिरणाऱ्या सगळ्या साखरेच्या पाचपट! आधी बाटलीवरचं लेबल वाचा, डीएनएस (डेक्स्ट्रोज घातलेलं सलाइन) लिहिलं असेल तर आदल्या रात्रीच बदलून घ्या.

इन्सुलिनचा प्रश्न नाजूक. आकडा चढला म्हणून स्कॅनच्या तोंडावर झटपट इन्सुलिन टोचलं, तर ते स्नायूंची दारं उघडतं आणि एफडीजी सगळं दंड-मांड्यांत जातं. चित्रात माणूस शरीरशास्त्राच्या तक्त्यासारखा दिसतो, गाठ मात्र फिकी. झटपट इन्सुलिन आणि एफडीजी यांच्यात किमान चार तास हवेत. मेटफॉर्मिनने आतडं पेटल्यासारखं दिसतं. पोटातला आजार शोधायचा असेल तर ती गोळी ४८ तास थांबवायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, स्वतःहून नको.

इंजेक्शननंतर साठ मिनिटं पडून राहायचं. या तासात मोबाइलवर गप्पा मारल्या की स्वरयंत्राचे स्नायू उजळतात, सुपारी किंवा गम चघळला की जबड्याचे. आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळला असेल तर पाठ-खांदे. आणि थंडी! एसीच्या गारठ्यात बसवलेल्या सडपातळ माणसाच्या मानेत, काखेवर तपकिरी चरबी अशी पेटते की लिम्फोमाच्या गाठी वाटाव्यात. शाल घेऊन जा, हा सल्ला अगदी गंभीरपणे देतोय.

पाठोपाठच्या दोन स्कॅनची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर दहा मिनिटांच्या आत जुळलं पाहिजे. गाठीने किती एफडीजी ओढलं हे सांगणारा एसयूव्ही हा आकडा वाटतो तेवढा पक्का नसतो. त्यात रुग्णाचं वजन येतं, सिरिंजमध्ये उरलेली ॲक्टिव्हिटी येते आणि घड्याळही येतं. डोस कॅलिब्रेटर (डोस मोजायचं यंत्र) आणि स्कॅनर यांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असेल तर एसयूव्ही साडेसहा टक्क्यांनी चुकतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिला स्कॅन झाला त्याच मशीनवर दुसरा करा. वजन विचारून लिहू नका, काट्यावर उभं करा. केमोत दहा किलो उतरलेला माणूसही सवयीने जुनंच वजन सांगतो.

आता एफडीजीचा कमकुवतपणा. क्षयरोग त्याला कर्करोगाइतकाच आवडतो, आणि आपल्याकडे फुप्फुसात, लसीका ग्रंथीत क्षय किती हे सांगायला नको. उजळलेली गाठ म्हणजे कर्करोग असं धरून चालू नका, सुई टाकून बघितलंच पाहिजे. रेडिएशननंतरचा दाहही उजळतो, म्हणून साधारण तीन महिने थांबतात. उलट यकृताच्या सौम्य प्रतीच्या कर्करोगात ग्लुकोज-६-फॉस्फेटेज भरपूर असतं. ते अडकलेलं फॉस्फेट पुन्हा सोडवतं आणि गाठ दिसेनाशी होते. मूत्रपिंड खऱ्या साखरेसारखं एफडीजी परत ओढून घेत नाही, त्यामुळे मूत्राशय भगभगतं आणि शेजारचं प्रोस्टेट झाकोळतं. मेंदू तर स्वतःच साखर खाणारा, त्यात बारीक गाठ शोधायला एफडीजी घेणं म्हणजे दिवाळीत काजवा शोधणं. लिम्फोमा, फुप्फुस, मान-घसा, अज्ञात मूळ असलेला आजार: इथे मात्र त्याला तोड नाही.

३७० मेगाबेकरेल, म्हणजे १० मिलिक्युरीचा प्रभावी डोस ७ मिलिसीव्हर्टच्या आसपास. सीटीचा वेगळा. घरी गेल्यावर काही तास तान्ह्या बाळांना आणि गरोदर बाईला मांडीला मांडी लावून बसू नका, पाणी भरपूर प्या. एवढं पुरतं.

सी-१३ ग्लुकोजचा स्वभाव अगदी उलटा. किरणोत्सर्ग नाही, मुदतीची घाई नाही, पांढरी पूड बाटलीत खोलीच्या तापमानाला पडून राहते. आणि एफडीजी जिथे थांबतं तिथून पुढची सगळी गोष्ट हे सांगतं. किंमत ऐकली की मात्र पिपेट धरलेला हात थरथरतो. त्याला कारणही आहे. निसर्गात सी-१३ फक्त १.१ टक्के. कार्बन मोनॉक्साइड अतिथंड तापमानाला उंच स्तंभांतून पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून तो वेगळा काढतात, मग त्याच्या कार्बन डायऑक्साइडवर शैवाल पोसतात आणि त्याच्या स्टार्चपासून सहाही कार्बन जड असलेलं ग्लुकोज मिळवतात.

लेबलवरचे दोन टक्के गोंधळात टाकतात. ‘९९ टक्के’ हे बहुतेक वेळा प्रत्येक कार्बनच्या समृद्धीचं असतं, रासायनिक शुद्धता त्याहून वेगळी लिहिलेली असते. ९९ टक्क्यांच्या मालातही सहाही कार्बन जड असलेले रेणू ०.९९ चा सहावा घात, म्हणजे ९४ टक्केच असतात, आणि पावणेसहा टक्क्यांत एक कार्बन हलका असतो. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) एम+५ चं, म्हणजे पाच जड कार्बन असलेल्या रेणूंचं, ते छोटं शिखर बघून ‘माल खोटा’ अशी तक्रार करू नका, ते गणितात बसतं. दुसरी चूक वजनाची. या ग्लुकोजचं रेणुभार १८६.११, साध्याचं १८०.१६. ११ मिलीमोलरचं अर्धा लिटर माध्यम करायला १.०२ ग्रॅम लागतं. सवयीने साध्याचा आकडा धरला की माध्यम तीन टक्क्यांनी पातळ होतं, आणि तुलनेच्या ताटलीत मग साखरेचाच फरक मोजला जातो.

पैसे वाया जातात ते मात्र माध्यमात घालायच्या सीरममध्ये. साध्या सीरममध्ये साधं ग्लुकोज असतं, ते सी-१३ मध्ये मिसळतं आणि कुठलंच शिखर अपेक्षेइतकं चढत नाही. डायलाइज केलेलंच, म्हणजे साखरेसारखे बारीक रेणू काढून टाकलेलं, सीरम घ्या. माध्यम ग्लुकोज नसलेलं घेतलं, पण त्यात सोडियम पायरुव्हेट राहून गेलं, हे तर फार ठिकाणी घडतं. पेशी ते साधं पायरुव्हेट आनंदाने खातात आणि सायट्रेटमधली खूण निम्म्याने पातळ दिसते. मागवताना ‘ग्लुकोज नाही, पायरुव्हेट नाही’ असं दोन्ही बघा.

ताटलीतून माध्यम काढल्यापासून पेशी गोठेपर्यंतची दहा सेकंदं सगळ्यात महत्त्वाची. ग्लायकोलिसिसचे, म्हणजे साखर फोडायच्या वाटेवरचे, रेणू सेकंदांत उलटतात. माध्यम ओढून घ्या, एक झटपट धुणं, आणि लगेच उणे ८० अंशांचं ८० टक्के मिथेनॉल. ताटली कोरड्या बर्फावर. पाच ताटल्या एकदम धुवायला घेतल्या तर पाचवीतल्या पेशी तोवर उपाशी पडून बदललेल्या असतात. एकेक घ्या. खूण किती वेळ द्यायची? ग्लायकोलिसिससाठी मिनिटं, सायट्रिक आम्ल चक्रासाठी काही तास, न्यूक्लिओटाइडसाठी दिवसभर.

जीसी-एमएसवर (रेणू वायुरूपात वेगळे करून वजन करणाऱ्या यंत्रावर) सायलिल करून, म्हणजे सिलिकॉनचा गट जोडून, बघणार असाल तर सिलिकॉनचे नैसर्गिक समस्थानिक वजा करायला विसरू नका, सिलिकॉन-२९ चे ४.७ टक्के आणि सिलिकॉन-३० चे ३.१. ही दुरुस्ती न केलेले आलेख बघितले की प्रत्येक आम्लात ‘नवा मार्ग’ सापडलेला असतो.

वाचायचं कसं, तर सायट्रेटचा एम+२ हा पायरुव्हेट डिहायड्रोजनेजच्या दारातून आलेला, एम+३ बहुतांशी पायरुव्हेट कार्बोक्सिलेजचा. पण पेन्टोज फॉस्फेट मार्ग (साखरेपासून रायबोज बनवायची वाट) बघायचा असेल तर सहाही कार्बन जड असलेलं ग्लुकोज निरुपयोगी, रायबोज कुठल्याही वाटेने आलं तरी एम+५ च दिसतं. तिथे पहिल्या दोन कार्बनांवरच खूण असलेलं घ्या. ऑक्सिडेटिव्ह वाटेत पहिला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, उरतो एम+१. दुसऱ्या वाटेने आलेलं रायबोज एम+२. नवखे इथे लॅक्टेट बघून घाबरतात: एम+२ पन्नास टक्क्यांवर जातच नाही. जाणारही नाही, कारण ग्लुकोजचे दोन तुकडे होतात आणि खूण एकाच तुकड्यावर असते.

ड्युटेरियमचं ६,६-डी२ ग्लुकोज हे माणसाला निर्धास्त देता येणारं, म्हणून दवाखान्याच्या संशोधनातलं आवडतं. सहाव्या कार्बनवर खूण का? दुसऱ्या कार्बनवरचं ड्युटेरियम ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या अदलाबदलीतच पाण्यात निघून जातं आणि यकृताचं उत्पादन उगाच जास्त दिसतं. सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब असा: किलोला मिनिटाला ०.०४ मिलिग्रॅमने शिरेतून सतत ओघ, आणि सुरुवातीला त्या मिनिटाच्या दराच्या शंभरपट, म्हणजे २८० मिलिग्रॅम एकदम. तीन तासांच्या ओघाला आणखी ५०० मिलिग्रॅम. रक्तातली समृद्धी (खुणेच्या साखरेचा वाटा) दोन टक्क्यांवर स्थिरावली तर उत्पादन येतं किलोला मिनिटाला सुमारे १.९ मिलिग्रॅम, रात्रभर उपाशी निरोगी माणसाला शोभेलसं. मधुमेह्यात शरीरातला साखरेचा हौदच मोठा असतो. पहिला डोस रक्तसाखरेच्या प्रमाणात वाढवला नाही, तर तीन तासांतही पातळी स्थिर होत नाही आणि उत्तर चुकतं. बाटलीवर ‘पायरोजन (ताप आणणारे अंश) तपासलेलं’ असं लिहिलेलीच घ्या. साधा संशोधन दर्जा स्वस्त पडतो, पण तो शिरेत द्यायचा नसतो, आणि एथिक्स समितीने नेमका हाच कागद मागावा.

हेच डी२ ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देऊन एमआरआयवर बघायची रीत येल विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये दाखवली: किलोला ०.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ६० ग्रॅम. तासाभराने पाणी, ग्लुकोज, ग्लुटामेट-ग्लुटामाइन आणि लॅक्टेट अशी चार शिखरं वेगळी दिसतात, आणि शरीरातल्या पाण्यातलं नैसर्गिक ड्युटेरियमच मापाला उपयोगी पडतं. मेंदूच्या गाठीत जिथे एफडीजी हात टेकतं, तिथे हे लॅक्टेट दाखवतं. पण चित्राचे ठोकळे दोन सेंटिमीटर बाजूचे, ड्युटेरियमची कॉइल वेगळी लागते, आणि ६० ग्रॅमची बाटली एका माणसात संपते. रोजच्या एमआरआय सेंटरमध्ये हे मागायला जाऊ नका, अजून मिळणार नाही.